नीळ, गेरू आणि मांजरपाट

चित्राखाली सही चित्रकाराची असते. पण ते चित्र ज्या वस्तूंवर उभे राहते, त्यांचा गाव सहसा कुणी विचारत नाही. ज्वारी कुठली, केळी कुठली, तूप कुणाच्या घरचे, हे आपण खानदेशी माणसे खोदून खोदून विचारतो. रंगाच्या बाबतीत मात्र ट्यूबवरचे नाव वाचले की आपली चौकशी संपते. नाव परदेशी असेल तर माल चांगला आणि देशी असेल तर विद्यार्थ्यांपुरता, असा एक समज चित्रकारांत आहे. त्याच्या उलट, जे मातीतले आणि घरगुती ते आपोआप शुद्ध, असाही समज अलीकडे जोर धरतो आहे. दोन्ही समज तपासून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी नरडाण्यात राहून चित्रे काढतो. शिंदखेडा तालुक्यातले हे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर आहे, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे स्थानकही आहे. उत्तरेला शिरपूरच्या वाटेवर तापी लागते. भोवती कापूस पिकतो, औद्योगिक वसाहत आहे, हार्डवेअरची दुकाने आहेत. चांगल्या जलरंगाची ट्यूब हवी असेल तर मात्र धुळे गाठावे लागते, आणि एखादा विशिष्ट रंग हवा असेल तर नाशिक किंवा मुंबई. त्यामुळे जवळ काय मिळते आणि त्यातले काय टिकते, हा प्रश्न माझ्यासाठी देशभक्तीच्या आधी रोजच्या कामाचा ठरला. काही वर्षे त्याचा पाठपुरावा करताना एक गोष्ट पक्की झाली. ‘स्वदेशी रंग’ असा एकसंध पदार्थ नसतो. रंगसाहित्यात चार वेगळ्या गोष्टी असतात: रंग देणारी भुकटी म्हणजे रंगद्रव्य, तिला धरून ठेवणारे बंधक, खालचा कागद किंवा कापड, आणि हातातला कुंचला. प्रत्येकीचा गाव निराळा असू शकतो, आणि प्रत्येकीची परीक्षाही निराळी असते.

अजिंठ्याचा हिशेब

या परीक्षेचा सर्वांत जुना धडा आपल्या शेजारीच आहे. जळगावहून अजिंठा साधारण साठ किलोमीटर. तिथल्या भिंतींवर आधी मातीचा गिलावा दिलेला आहे. त्यात भाताचे तूस, वनस्पतींचे तंतू, बारीक वाळू मिसळलेली आहे. त्यावर पांढरा पातळ हात आणि मग चित्र. तांबडा आणि पिवळा रंग लोहयुक्त मातीचा, म्हणजे आपला गेरू आणि पिवडी. काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा आणि पांढऱ्या मातीचा. हिरवा ‘हिरव्या मातीचा’. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांमध्ये सेलाडोनाइट नावाच्या खनिजाचा हिरवट थर सापडतो, त्याच जातीची ही माती. म्हणजे बहुतेक सारी पेटी डोंगराच्या आसपासची.

अपवाद निळ्याचा. पाचव्या शतकातल्या चित्रांत जो झळझळीत निळा दिसतो, तो लाजवर्द दगडाचा आहे, आणि तो दगड येत असे बदख्शानहून, आजच्या अफगाणिस्तानातून. व्यापाऱ्यांचे तांडे, बंदरे, किती तरी हातांतून फिरत तो वाघूरच्या वळणावर पोचला. ज्या कलावंतांनी नव्वद टक्के काम पायाखालच्या मातीवर भागवले, त्यांनी निळ्यासाठी हजारो किलोमीटर लांबचा माल घेतला, आणि तोही हात राखून, मोजक्या जागी वापरला. जवळचे का घ्यायचे आणि लांबचे कधी घ्यायचे, याचे याहून नेमके उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही: जे इथे आहे ते इथले, जे इथे नाहीच ते लांबून, पण त्याची किंमत ओळखून.

फैजपूर आणि हरिपुरा

दुसरा धडा जेमतेम नव्वद वर्षांपूर्वीचा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. स्थानिक व्यवस्थेचा भार खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींनी उचलला होता. अधिवेशननगरीच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले आणि एक अट घातली: जे काही उभारायचे ते खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि खेड्यातल्या कारागिरांच्या हातून. बांबू, गवत, चटया, माती अशा साध्या साहित्यातून तिथल्या कमानी आणि मंडप उभे राहिले.

या प्रयोगाचे फळ पुढच्या अधिवेशनात दिसले. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुऱ्याला, म्हणजे आपल्याच तापीच्या खालच्या अंगाला, गुजरातेत, नंदलालांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रफलकांची मालिका केली. त्यातले ऐंशीहून अधिक फलक एकट्या नंदलालांचे. हातकागद, मातीचे रंग, झपाट्याने ओढलेली रेघ. ढोलवाला, शिंपी, सुतार, दूध घुसळणारी बाई असे विषय. हे फलक रस्त्यावर, प्रवेशद्वारांवर टांगण्यासाठी होते. पण आज ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मोठ्या मानाने जपले जातात.

इथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. मातीच्या रंगांची पट्टी मर्यादित असते. त्यात झगमगीत जांभळा नाही, गुलाबी नाही. त्या मर्यादेमुळेच नंदलालांना मोठे सपाट रंगक्षेत्र आणि ठसठशीत रेघ यांवर भर द्यावा लागला, आणि हरिपुऱ्याच्या फलकांचे रूप त्यातून घडले. जामिनी रॉय यांनीही विलायती तैलरंग बाजूला ठेवून मातीचे रंग आणि चिंचोक्याची खळ वापरायला घेतली, तेव्हा त्यांची शैलीच पालटली. साहित्य बदलले की हात बदलतो. म्हणून साहित्याची निवड ही खरेदीची यादी न राहता चित्राचा पहिला निर्णय होते.

एरंडोलचा कागद

फैजपूरच्या आसपासच एक गोष्ट संपत आली होती. यावल आणि एरंडोल ही दोन्ही गावे एकेकाळी देशी हातकागदासाठी प्रसिद्ध होती. ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत दोन्ही ठिकाणच्या जाड्याभरड्या कागदाचा उल्लेख आहे, यावलच्या निळीचाही आहे. आणि हा धंदा आता थोडाच उरला आहे, अशी नोंदही सोबतच आहे. वह्या, खतावण्या, दस्तऐवज यांसाठी असा कागद लागे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात (स्थापना १९२७) जुनी कागदपत्रे पाहिली की हातकागदाची ताकद कळते. काजळी आणि डिंकाची शाई, बोरूचे वळण, आणि खाली दोन-तीनशे वर्षे टिकलेला कागद. त्याच कपाटांच्या जगात गेल्या शतकातली गिरणीच्या कागदावरची पुस्तके पिवळी पडून पापडासारखी मोडतात.

यामागे कारण आहे. जुना कागद ताग, अंबाडी किंवा चिंध्यांच्या लांब तंतूंचा असे. ते चुन्याच्या पाण्यात मुरवून, कुटून, लगदा करून, जाळीवर उचलून वाळवत. मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत. लांब तंतूमुळे बळ आणि चुन्यामुळे आम्लापासून संरक्षण. गिरणीच्या स्वस्त कागदात लाकडाचा लगदा आला, त्यातले लिग्निन आले, तुरटी–राळेचे खळीकरण आले. ही आम्ले कागदाला आतून खातात.

हा धंदा का बुडाला याचे उत्तर ‘यंत्र आले’ एवढेच नाही. गिऱ्हाईक गेले. ज्यांना टिकाऊपणाची गरज होती, त्यांनी स्वस्ताईकडे तोंड वळवले. पुण्यात १९४० साली के. बी. जोशी यांनी गांधीजींच्या प्रेरणेने हातकागद संस्था उभी केली, म्हणून महाराष्ट्रात ही विद्या निदान जिवंत राहिली. आज कापसाच्या कातरणांपासून बनलेला हातकागद पुण्याला आणि राजस्थानातल्या सांगानेरला मिळतो. कापूस आमच्या खानदेशचा आणि कागद लांबचा, ही विसंगती मला बोचते. एरंडोलचे कारागीर कागद करायचे थांबले तेव्हा एक माल गेला, आणि त्याबरोबर हवे तसे जाड-पातळ, कमी-अधिक घोटलेले पान सांगून करून घेण्याची सोयही गेली.

हार्डवेअरच्या दुकानात

आता नरडाण्यात काय मिळते ते पाहू. हार्डवेअरच्या दुकानात मी लाल आणि पिवळे ऑक्साइड मागतो, तेव्हा ठरलेला प्रश्न येतो: “घर रंगवनं शे का?” फरशी आणि सिमेंटसाठी विकली जाणारी ही भुकटी म्हणजे लोहाचे ऑक्साइड. रासायनिकदृष्ट्या गेरू आणि पिवडी यांचीच कारखान्यात बनलेली भावंडे. उन्हाने उडत नाहीत, चुन्याने बिघडत नाहीत. स्वस्त मालात खडूची भेसळ असू शकते, त्यामुळे रंग फिका पडतो. पण पडेल तो टिकतो.

खऱ्या मातीचाही उपयोग होतो. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी कधी भाजलेल्या लाल मातीचा पट्टा दिसतो; खाणीत, रस्त्याच्या कापात तो सहज ओळखू येतो. ती माती कुटायची, पाण्यात ढवळायची, मिनिटभर थांबायचे म्हणजे वाळू तळाशी बसते. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचे आणि ते निवळू द्यायचे. तळाला जो लोण्यासारखा गाळ बसतो तो रंग. हे घोळणे-निथळणे तीनदा केले की दाताखाली कचकच लागणार नाही इतकी मऊ भुकटी मिळते.

निळ्याची गोष्ट तर गमतीची आहे. लाजवर्दाचा निळा शतकानुशतके सोन्याच्या तोलाचा होता. १८२८ च्या सुमारास फ्रान्स आणि जर्मनीत तोच रंग चिकणमाती, सोडा आणि गंधक भाजून कृत्रिमरीत्या बनू लागला. त्याचे नाव अल्ट्रामरीन. मग तो इतका स्वस्त झाला की पांढऱ्या कपड्यांना घालायच्या निळीच्या पुडीत आला. अजिंठ्याच्या चित्रकाराला जो अफगाणिस्तानातून आणावा लागला, त्याचा सख्खा वारस किराणा दुकानात पुडीने मिळू लागला! यावलची नीळ झाडाची आणि ही खनिजाची. मराठीने दोघींना एकच नाव दिले. पुडीतली नीळ अल्ट्रामरीनच आहे का, हे लिंबाने कळते: आम्ल लागले की रंग उडतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. चुन्यात मात्र ती उत्तम टिकते, म्हणून खेड्यातल्या निळ्या भिंती वर्षानुवर्षे निळ्या राहतात. पाटाची बाटलीबंद ‘नीळ’ वेगळी. ती बहुधा विरघळणारा रंग असते, चित्राच्या कामाची नाही. पुडीची नीळही दोन-तीनदा पाण्याने धुऊन, वाळवून मगच वापरावी, म्हणजे त्यातले सोड्यासारखे भरण निघून जाते.

बंधकाच्या बाबतीत तर खानदेशाचे स्वयंपाकघर समृद्ध आहे. जलरंगाला डिंक लागतो. जगभर त्यासाठी आफ्रिकेतल्या बाभूळवर्गीय झाडाचा डिंक प्रमाण मानतात; आपल्या बाभळीचा त्याच्या जवळचा. सातपुड्यातून येणारा धावड्याचा डिंक लाडवांसाठी प्रसिद्ध आहे, पण तो जास्त घट्ट होतो, पातळ करून वापरावा लागतो. डिंकाचा थर वाळला की ठिसूळ होतो, आणि मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की त्याला भेगा पडतात. म्हणून त्यात थोडा मध घालायचा. तो ओलावा धरून ठेवतो. पावसाळ्यात मधाचे प्रमाण कमी, नाहीतर चित्र चिकट राहते आणि बुरशी धरते. ट्यूबवर ही ऋतूंची सूचना नसते.

तैलरंगासाठी जवस. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच जवसाचे घाण्यावरचे तेल युरोपातल्या तैलचित्रांचा कणा आहे. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट, चिवट पापुद्रा धरते. शेंगदाण्याचे तेल महिनोन्महिने ओशटच राहते. पांढऱ्या आणि निळ्या रंगासाठी करडईचे तेल बरे, कारण ते कमी पिवळते. मात्र ते सावकाश वाळते आणि त्याचा थर जवसाइतका चिवट होत नाही. एक इशारा इथे द्यायलाच हवा: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

कापडासाठी मांजरपाट. जाड, कोरा, विणीला घट्ट असा निवडून तो आधी गरम पाण्यातून काढायचा, चौकटीवर ताणायचा आणि सरसाचा पातळ हात द्यायचा. तेल थेट सुतावर गेले तर सूत कुजते. सरस मध्ये भिंतीसारखा उभा राहतो. त्यावर खडूची भुकटी आणि सरस यांचा पांढरा थर. सरसाला पावसाळी दमट हवा मानवत नाही, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी मी अॅक्रिलिकचा तयार प्रायमर घेतो.

उन्हाची आणि विषाची परीक्षा

घरगुती म्हणजे टिकाऊ, हा भ्रम मोडायला एक साधी पट्टी पुरते. जाड कागदावर प्रत्येक रंगाचा पट्टा ओढायचा, अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवायचा आणि दक्षिणेच्या खिडकीत तीन महिने टांगायचे. हळद पहिल्या काही दिवसांतच विरते. पळसाच्या फुलांचा केशरी तिच्या पाठोपाठ. रांगोळीतला झगझगीत गुलाबी फिका पडतो. गेरू, पिवडी, ऑक्साइड, काजळ आणि पुडीची नीळ जिथल्या तिथे. म्हणजे ‘नैसर्गिक’ की ‘रासायनिक’, या प्रश्नाने काही ठरत नाही. फुलांचा रंग उत्सवाला चांगला, भिंतीवर टांगायच्या चित्राला नाही.

दुसरी परीक्षा विषाची. परंपरेतले सगळेच रंग हाताळण्याजोगे नाहीत. हरताळ हे आर्सेनिकचे संयुग, हिंगूळ पाऱ्याचे, शेंदूर आणि जुना सफेदा शिशाचे. ही नावे कितीही आपली वाटली तरी त्यांची भुकटी घरात, मुलाबाळांत घोटू नये. साधी माती घोटतानाही नाकाला फडके हवेच.

तिसरी परीक्षा कुंचल्याची. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातले शेरकोट हे ब्रश बनवणाऱ्यांचे गाव. तिथले साधे केसांचे आणि नायलॉनचे ब्रश देशभर जातात. पण मुंगसाच्या केसांचे ब्रशही बाजारात लपूनछपून विकले जातात, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) मुंगूस संरक्षित आहे. एका ब्रशामागे प्राणी मारले जातात. देशी कारागिराने बनवला म्हणून तो घ्यावा, असे मला वाटत नाही. कृत्रिम केसांचा ब्रश घ्यावा. ठसठशीत रेघेसाठी शिंदीची काडी एका टोकाने चेचून किंवा वारली चित्रकारांसारखी बांबूची काडी करून पाहावी.

ट्यूबचे गोत्र

एवढे करूनही ट्यूब सुटत नाही, आणि सुटावी असा माझा आग्रहही नाही. दि. प. दांडेकर आणि त्यांचे बंधू गो. प. दांडेकर यांनी १९३१ मध्ये गिरगावात शाईपासून सुरू केलेला उद्योग पुढे ‘कॅम्लिन’ झाला, आणि परदेशी रंग दुर्मीळ व महाग असण्याच्या काळात मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांच्या हातात त्याने रंगपेटी दिली. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात बहुसंख्य वाटा घेतला. कारखाने इथेच, कामगार इथलेच, मालकी तिकडची. आता या पेटीला देशी म्हणावे की परदेशी? उलट बाजूही पाहा. फ्थॅलोसायनिन निळा आणि हिरवा ही आधुनिक रंगपेटीतली अटळ रंगद्रव्ये. त्यांचे मोठे उत्पादन गुजरातेत होते आणि ती जगभर निर्यात होतात. पुण्याच्या सुदर्शन केमिकल्सने २०२५ मध्ये जर्मनीच्या हॉयबाख समूहाचा रंगद्रव्यांचा व्यवसाय ताब्यात घेतला. विलायती नावाच्या महागड्या ट्यूबमधला निळा तापीपलीकडून गेलेला असणे अगदी शक्य आहे.

म्हणून ट्यूबवर कंपनीच्या नावाआधी बारीक अक्षरांतला संकेत वाचावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ फ्थॅलो निळा, पीवाय ४२ पिवळे लोह ऑक्साइड, पीआर १०१ लाल, पीडब्ल्यू ६ टिटॅनियम पांढरा. हे संकेत जगभर एकच आहेत. ज्या ट्यूबवर संकेतच नाही, तिथे नाव कितीही भारदस्त असो, आत काय आहे हे विकणारा सांगायला तयार नाही एवढे समजावे. देशी कंपन्यांकडे आपण मागावे ते हेच: संकेत छापा, प्रकाशात किती टिकेल ते छापा. हार्डवेअरवाला सुटे ऑक्साइड विकताना आत काय आहे ते निदान तोंडी सांगतो. छापील वेष्टनाने त्याहून कमी सांगू नये.

माझी आजची पेटी अशी आहे. तांबडे, पिवळे, तपकिरी आणि काळे रंग इथले, स्वतः निथळलेले किंवा ऑक्साइडचे. निळा पुडीतला, धुऊन घेतलेला. जवसाचे तेल घाण्यावरचे. पांढरा आणि फ्थॅलो हिरवा विकतच्या ट्यूबचा, संकेत वाचून. कागद पुण्याचा हातकागद, आणि तो घेताना दरवेळी जाडी आणि घोटणी सांगून. शेवटच्या गोष्टीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. बनवणारा आपले म्हणणे ऐकू शकेल इतक्या अंतरावर असणे, हा जवळच्या मालाचा खरा फायदा आहे, आणि तो फायदा मागणाऱ्यांवरच टिकून असतो. खानदेशातल्या चित्रशाळा, कलाशिक्षक आणि हौशी चित्रकार यांनी मिळून वर्षाला ठरावीक हातकागद मागितला, तर कापसाच्या या मुलखात पुन्हा एक लगद्याचे टाके चालू शकेल. एरंडोल आणि यावलला ती विद्या होती. विकत घेणारे मात्र आपल्यातूनच यावे लागतील.